नाल परीक्षकाला दिसते, सहावा आठवडा दिसत नाही

माझा विषय ऐकल्यावर आजोबांचा पहिला प्रश्न होता, "नाल ठोकायलाही परीक्षा असते होय गं?" त्यांच्या डोळ्यासमोर आठवडी बाजारातला नालबंद होता. बैल दोरखंडाने आडवा पाडायचा, पाय बांधायचे आणि दुभंगलेल्या खुराला दोन-दोन पत्र्या ठोकायच्या. शिक्षण बापाकडून, प्रमाणपत्र गिऱ्हाइकाकडून. बैल लंगडला की पुढच्या बाजाराला गिऱ्हाईक दुसऱ्याकडे.

तर हो आजोबा, असते. ब्रिटनमध्ये 1975 च्या कायद्यानुसार नोंदणी नसलेल्या माणसाने घोड्याला नाल मारणं हा गुन्हा आहे, घोडा स्वतःचा असला तरी. आधी मान्यताप्राप्त उस्तादाकडे सुमारे चार वर्षं उमेदवारी, मग 1674 ची सनद असलेल्या 'वर्शिपफुल कंपनी ऑफ फॅरिअर्स'ची पदविका. त्यावर आणखी दोन पायऱ्या. अमेरिकेत असा परवाना लागत नाही. तिथल्या नालबंद संघटनेची परीक्षा ज्याला हवी त्याने द्यायची.

या परीक्षा सोप्या आहेत असं कुणी समजू नये. लोखंडाच्या पट्टीपासून ठरलेल्या वेळात नाल घडवायची, जिवंत घोड्याच्या पायाला बसवायची, शिवाय शरीररचनेचे प्रश्न. माझी तक्रार वेगळी आहे. परीक्षक खूर बघतो तो पहिल्या दिवशी, कानस फिरवून चकाचक केलेला. पण खूर महिन्याला सहा ते दहा मिलिमीटर वाढतो. पुढचं टोक लांबत जातं, खुराचा कोन कमी होतो, भार टाचेकडे सरकतो. म्हणजे नालबंदाचं काम खरं कसाला लागतं ते पाचव्या-सहाव्या आठवड्यात. तेव्हा परीक्षक घरी असतो.

आणि परीक्षकाच्या नजरेवर तरी किती भरवसा ठेवायचा? कीगन आणि सहकाऱ्यांनी 2010 साली 131 घोडे अनुभवी पशुवैद्यांना दाखवले. अमुक पाय लंगडतोय की नाही, यावर त्यांचं एकमत झालं सुमारे 77 टक्के वेळा. लंगडणं सौम्य असेल तर जेमतेम 62 टक्के. छापा-काटा केला तरी 50 मिळतात! अभ्यास पशुवैद्यांचा आहे, नालबंदांचा नाही, त्यामुळे फार ताणत नाही. पण नालबंदाकडे येणारे बरेचसे घोडे या सौम्य गटातलेच असतात.

आता पदविकेनंतरचं शिक्षण. व्याख्यानाला बसा, तास भरा, गुण मिळवा, ही पद्धत डॉक्टरांकडून उचललेली आहे. तिथे ती किती चालते? डेव्हिस आणि सहकाऱ्यांच्या 1999 च्या आढाव्यात नुसत्या व्याख्यानांनी डॉक्टरांच्या कामात बदल झालेला दिसला नाही. हाताने करून बघणं, चर्चा करणं असेल तिथे थोडाफार दिसला. हे माहीत असूनही खुर्चीत बसल्याचे तास मोजायचे, याला मी आळस म्हणेन. तास मोजायला सोपे असतात, एवढंच.

माझ्या मते गुण द्यायचेच असतील तर ते परत येण्याला द्यावेत. नाल मारली त्या दिवशी बाजूने आणि समोरून फोटो, आणि सहा आठवड्यांनी नाल काढण्याआधी त्याच अंतरावरून पुन्हा फोटो. दोन्ही घेऊन दुसऱ्या नालबंदासमोर बसायचं. खर्च फारसा नाही. अडचण मात्र खरी आहे: मालक पैसे वाचवायला दहा आठवडे लावतो, मग टोक लांबल्याचा दोष कुणाचा? मार्गदर्शकांनी हाच प्रश्न विचारला तेव्हा मी गप्प बसले. सध्या सुचतंय ते इतकंच, की प्रत्येक फोटोवर आधीच्या नालबंदीची तारीख असावी आणि उशिरा आलेले घोडे वेगळे मोजावेत.

आपल्याकडे माथेरानचे घोडे आहेत, पुणे-मुंबईच्या शर्यतींचे आहेत. त्यांच्या नालबंदांसाठी उद्या कुणी प्रमाणपत्र आणलंच, तर ब्रिटनची उमेदवारी जरूर घ्यावी. तासांचं रजिस्टर तिकडेच राहू द्यावं.