जरा ॲडजस्ट करा

लोकलच्या सेकंड क्लासमधलं बाकडं तिघांचं. अंधेरीला चौथा येतो, मांडीने किंचित रेटतो आणि म्हणतो, 'जरा ॲडजस्ट करा.' तिघं खिडकीकडे सरकतात. चौथ्याला अर्धी सीट मिळते, एक पाय पॅसेजमध्येच.

काय ॲडजस्ट करायचं, हे तो सांगत नाही. इंग्रजीत माणूस आरसा ॲडजस्ट करतो, चष्मा करतो. आपण क्रियापद उचललं, त्याला 'करणे' जोडलं आणि कर्म गाळून टाकलं. गाळलेलं कर्म म्हणजे समोरच्याचं शरीर. 'सरका' म्हटलं तर हुकूम होतो. 'ॲडजस्ट' म्हटलं की मराठी, गुजराती, हिंदी, कुणालाच राग येत नाही.

ऐकताना वाटतं, यात न्याय्य या अर्थाचा 'जस्ट' आहे. मुळात तो नव्हता. लॅटिन 'आद' म्हणजे कडे आणि 'युक्स्ता' म्हणजे शेजारी; त्यातून जुन्या फ्रेंचमध्ये 'जवळ आणणे' असं क्रियापद झालं. आजच्या फ्रेंचमधलं भर घालण्याचं क्रियापदही त्याच घरचं. 'जस्ट'शी नातं लोकांनी नंतर, आवाजावरून जोडलं आणि अर्थ 'नीट बसवणे'कडे झुकला. म्हणजे आपला चौथा सीटवाला डिक्शनरीपेक्षा जुना अर्थ वापरतोय! 'युक्स्ता' आणखी मागे नेला तर संस्कृत 'युज्'चा भाऊबंद निघतो. त्याच कुळात योग येतो, आणि बैलाच्या मानेवरचं जूही.

जू आठवतं ते लग्नाच्या बोलणीत. 'मुलीला थोडं ॲडजस्ट करावंच लागतं.' शब्द तोच, दिशा उलटी. गाडीत सरकतात ते आधी बसलेले. घरात सरकायचं नव्याने आलेलीने. मराठीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. जुळवून घेणं हे येणाऱ्याचं काम, सामावून घेणं हे असणाऱ्यांचं. कोण सरकणार, ते शब्दातच कळतं. 'ॲडजस्ट'ने दोन्ही एकात कालवले, आणि माझी तक्रार इंग्रजी शब्दाबद्दल नाही, या कालवण्याबद्दल आहे. मुलाकडचे 'आम्ही सामावून घेऊ' म्हणाले असते तर त्यांना काहीतरी करून दाखवावं लागलं असतं. एखादं कपाट रिकामं करावं लागलं असतं.

गाडीत निदान पाळी फिरते. बोरिवलीच्या आधी कुठेतरी खिडकीवाला उठतो, सगळे एकेक जागा आत सरकतात. आपला चौथा आता तिसरा झालेला असतो. नवा कुणीतरी येऊन त्याच्या मांडीला मांडी लावतो. हा मोबाईलमधून मान वर न काढता म्हणतो, 'जागा कुठंय?'