हसे कोणाचे?

दोन वर्षांपूर्वी माझ्या मावशीच्या खात्यातून ८४ हजार रुपये गेले. ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल’ असा निरोप तिच्या फोनवर आला. खाली दिलेल्या क्रमांकावर तिने फोन केला, पलीकडच्या ‘साहेबां’नी सांगितले तसे एक ॲप उतरवून घेतले आणि थकलेले अकरा रुपये भरायचे म्हणून पिन टाकला. ही फसवणूक आता सर्वांच्या परिचयाची आहे. मला छळते ती पुढची गोष्ट. मावशीने हे तीन दिवस कोणालाच सांगितले नाही. चौथ्या दिवशी तिचा फोन आला आणि तिचे पहिले वाक्य होते, “तुझ्या त्या काकूसारखंच झालं बघ माझं.”

ती काकू मीच पाठवली होती. एका बँकेने काढलेले पाऊण मिनिटाचे कार्टून. नाकावर घसरलेला चष्मा, हातात झारा, आणि फोनवरच्या माणसाला पोह्यांची कृती सांगता सांगता ओटीपीही सांगून टाकणारी गोलमटोल बाई. शेवटी तिच्या नोटांना पंख फुटतात आणि त्या खिडकीतून उडून जातात. घरच्या व्हॉट्सॲप गटावर सगळे खो खो हसले होते. मावशीनेही हसरा चेहरा टाकला होता. पंधरा दिवसांनी तिच्यावरच वेळ आली, तेव्हा आपण कोण झालो आहोत हे तिला आधीच ठाऊक होते.

अशा फसवणुकीत पहिले काही तास मोलाचे असतात. १९३० या क्रमांकावर लगेच कळवले तर पैसे पुढच्या खात्यात पोचण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते; तीन दिवसांनी ती फारशी उरत नाही. म्हणजे त्या कार्टूनने मावशीला सावध तर केले नाहीच, वर तिचे तोंडही बंद केले. चित्रपटांवर लिहिणाऱ्या माझ्यासारख्याने आजवर या प्रकाराकडे जाहिरातीचा तुकडा म्हणूनच पाहिले होते. त्यानंतर मात्र इंटरनेटवरची सुरक्षितता विनोदी पात्रांमार्फत शिकवणारे जे जे हाती लागेल ते मी पाहत गेलो. मनात प्रश्न एकच होता: यात हसे कोणाचे होते?

मराठी वाचकाला हा प्रश्न नवा नाही. चिं. वि. जोशींच्या चिमणरावाला आपण हसतो, पण आपल्या फजितीची हकीकत चिमणराव स्वतःच सांगत असतो. हसण्याची परवानगी त्याने दिलेली असते. तमाशातला सोंगाड्या राजाची खोडी काढतो, समोर बसलेल्या शेतकऱ्याची नव्हे. पोहे करणारी काकू या दोन्हींत बसत नाही. तिची हकीकत तिने सांगितलेली नाही, आणि तिला फसवणारा तर चित्रात दिसतही नाही. ऐकू येतो तो फक्त त्याचा गोड आवाज. चोर अदृश्य आणि बळी तेवढा ठळक, असे हे रेखाटन आहे.

अमेरिकेतील बेपत्ता व शोषित मुलांसाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय केंद्राच्या ‘नेटस्मार्ट्झ’ या उपक्रमाने याच्या नेमके उलट केले. तिथे क्लिकी नावाचा यंत्रमानव मुलांना सोबत करतो आणि हसे होते ते खलनायकांचे. वॉन्टा-नो वॉलीला प्रत्येकाची खासगी माहिती हवी असते, मीट-मी मॅकला अनोळखी मुलांना भेटायचे असते. नावातच डाव उघडा केलेला आहे. मुलाच्या लक्षात राहतो तो डाव, आणि हसू फुटते ते डाव टाकणाऱ्यावर. माझी एक शंका मात्र उरते. खरा चोर असा विचित्र तोंडाचा नसतो. ‘डिजिटल अटके’ची धमकी देणारा पोलिसी गणवेशात, मागे कार्यालयाचा देखावा लावून, अत्यंत शिस्तीत बोलतो. व्यंगचित्रातल्या चोराला ओळखायला शिकलेला माणूस या सभ्य गृहस्थापुढे पुन्हा निःशस्त्रच.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल कार्यालयाची ‘राजू अँड द फॉर्टी थीव्ह्ज’ ही सचित्र पुस्तिका आहे. ती छापील आहे, हलती चित्रे नाहीत; पण कुळ तेच. राजू हा भोळा, सामान्य माणूस. फसवणुकीच्या चाळीस तऱ्हा, चाळीस छोट्या गोष्टी, आणि प्रत्येकीखाली काय करावे, काय टाळावे. शीर्षकात चोरांची मोजदाद आहे हे मला आवडले. निदान ते अदृश्य नाहीत. आणि एकच भोळा माणूस चाळीस तऱ्हांपुढे उभा केला की दोष त्याच्या बुद्धीचा न राहता परिस्थितीचा होऊ लागतो. पण अलीबाबाची आठवण काढायचीच तर ती पुरी काढायला हवी होती. त्या गोष्टीत चोरांना ओळखणारी आणि घर वाचवणारी मर्जीना असते. राजूच्या जगात मर्जीना कुठे आहे? फसवणारा माणूस सर्वांत आधी हेच साधतो: “फोन ठेवू नका, कोणाला सांगू नका.” सूचनांची यादी या एकटेपणावर उपाय होऊ शकत नाही, कारण यादी वाचायची ती एकट्यानेच.

त्या मर्जीनेपर्यंत पोचण्याची वाट मला सापडली ती लहान मुलांसाठी केलेल्या एका न्यूझीलंडच्या मालिकेत. ‘हेक्टर्स वर्ल्ड’ तिचे नाव. हेक्टर हा डॉल्फिन. न्यूझीलंडच्या किनाऱ्यालगतच आढळणाऱ्या हेक्टर जातीच्या डॉल्फिनवरून त्याचे नाव घेतलेले. तो आणि त्याची समुद्रातली मित्रमंडळी खासगी माहिती म्हणजे काय, ती कोणाला द्यावी, कोणी सतावले तर काय करावे हे गोष्टींतून शिकतात. माहिती लाटणारी एक टोळीही त्यात आहे. कथा म्हणून ती साधीच, कुठे कुठे उपदेशाचा भार जाणवतो. पण या मालिकेबरोबर एक बटण येत असे. ते संगणकावर बसवले की पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटा हेक्टर पोहत राहतो. मुलाला काही भीतिदायक, अस्वस्थ करणारे दिसले की त्याने हेक्टरवर टिचकी मारायची. लगेच सगळा पडदा समुद्रतळाच्या चित्राने झाकला जातो आणि मुलाला शाबासकीचा निरोप मिळतो: बरे केलेस, आता मोठ्या माणसाला बोलाव.

या बटणाचा मी पुष्कळ विचार केला. मूल त्या पानावर कसे पोचले, कोणी सांगितले होते तिकडे जायला, असे काहीही हेक्टर विचारत नाही. लाज वाटण्याच्या क्षणी तो आधी पडदा ओढतो, मग पाठ थोपटतो, आणि मग दुसऱ्या माणसाकडे पाठवतो. हा क्रम महत्त्वाचा आहे. आपल्याकडच्या बहुतेक फिती ‘टिचकी मारू नका’ इथे संपतात. टिचकी मारून बसलेल्या माणसासाठी त्यांत पुढचे दृश्यच नसते, आणि ती बघणाऱ्यांत असा कोणीतरी असणारच. गमतीदार पात्राचा खरा उपयोग तिथे आहे. पोलीस ठाण्याला, बँकेला, भाच्याला सांगायला जी जीभ रेटत नाही, ती एका हसऱ्या डॉल्फिनपुढे थोडी सैल होते.

मोठ्यांना डॉल्फिन चालणार नाही, हे उघड आहे. त्यांच्यासाठी विनोद त्यांच्याच घरातला लागतो, आणि त्याचे मला सापडलेले सर्वांत चांगले उदाहरण पात्राचे नसून एका ओळीचे आहे. ते निर्वासित तिबेटी समाजातले. हा समाज आपल्याला परका नाही. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात १९७२ पासून नोर्ग्येलिंग ही त्यांची वसाहत आहे. २००९ साली टोरंटोच्या सिटिझन लॅबमधील संशोधकांनी ‘घोस्टनेट’ या हेरगिरीच्या जाळ्याचा माग काढला. १०३ देशांतील १,२९५ संगणकांत शिरकाव झालेला होता आणि त्यांत धर्मशाळेतील दलाई लामांच्या कार्यालयाचे संगणकही होते. वाट साधी होती: ओळखीच्या माणसाकडून आल्यासारखी वाटणारी ईमेल आणि तिला जोडलेली फाइल. यावर तिबेट ॲक्शन इन्स्टिट्यूटने जी मोहीम काढली तिचे घोषवाक्य होते ‘डिटॅच फ्रॉम अटॅचमेंट्स’. आसक्ती सोडा, हा बौद्धांचा जुना उपदेश. इंग्रजीत आसक्ती आणि जोडलेली फाइल यांना शब्द एकच. भिक्खूला हसू यावे आणि कोणीही मूर्ख ठरू नये, असा हा विनोद. संगणकाचा अडाणीपणा त्यात कोणाच्या पदरात घातलेला नाही. उलट, हे तर तुम्हाला आधीपासूनच येते, असे तो म्हणतो.

आणि तो लागू पडला असावा. २०१६ च्या अहवालात सिटिझन लॅबला दिसले की तिबेटींवर पाळत ठेवणाऱ्या एका गटाने फायली पाठवण्याऐवजी गूगलच्या प्रवेशपानाची नक्कल करून पासवर्ड लाटायला सुरुवात केली आहे. जोडफायली सोडून गूगल ड्राइव्ह वापरा, असेच लोकांना शिकवले जात होते. चोर त्याच दाराशी येऊन उभा राहिला. २०१८-१९ मध्ये तर पत्रकार, स्वयंसेवक अशी सोंगे घेऊन व्हॉट्सॲपवर लिंक येऊ लागल्या. घोषवाक्य तिथेच राहिले आणि चोर पुढे निघून गेला. चांगल्या विनोदालाही दर दोन-तीन वर्षांनी नवा अंक लिहावा लागतो, आणि आपल्याकडे सरकारी चित्रफीत एकदा निघाली की पाच वर्षे तीच फिरते.

ती तिबेटी कोटी मराठीत आणता येत नाही. आसक्तीला आपण ईमेल जोडत नाही. पण लिंकसाठी परिभाषेत आपण ‘दुवा’ हा शब्द घेतला आणि तो आशीर्वादालाही चालतो. अनोळखी माणसाने न मागता पाठवलेला दुवा, यावर एखादा फकीर किंवा वासुदेव दारोदार फिरवणारे कार्टून निघू शकले असते. माझ्या पाहण्यात तरी ते नाही. आपल्याकडे काकू चालते.

या लेखाचा कच्चा खर्डा मावशीला वाचून दाखवला. काकूचा परिच्छेद काढू का, असे विचारले, तर म्हणाली, “राहू दे. पोहे मला येतात, तेवढं लिही.” हेक्टरच्या बटणापाशी तिने मला थांबवले.

“मग तो मासा घरी कुणाला सांगतो का, की पोरानं काय बघितलं ते?”

“नाही. नुसता पडदा झाकतो आणि शाबास म्हणतो. सांगायचं ते पोरानंच.”

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “बरा आहे. आणि मीही मासा म्हटलं, पण तू लेखात लिहू नकोस. डॉल्फिन सस्तन असतो.”