मेसचं जेवण चांगलं आहे

गेल्या महिन्यात मला एक पत्र आलं. म्हणजे पीडीएफ. ज्या ट्रस्टच्या स्कॉलरशिपवर मी इंजिनिअरिंग केलं, त्याच ट्रस्टला आता दरवर्षी थोडे पैसे देतो. त्यामुळे सेकंड इयरच्या एका मुलाचं आभाराचं पत्र दर सहा महिन्यांनी माझ्याकडे येतं. सुवाच्य अक्षर, 'आपल्या मदतीमुळेच', 'मन लावून अभ्यास करीत आहे', आणि तिसऱ्या परिच्छेदात 'मेसचं जेवण चांगलं आहे'. हे वाक्य मी ओळखतो. चार वर्षांत आठ वेळा लिहिलंय मी ते. ट्रस्टच्या ऑफिसात एक नमुना पत्र भिंतीला लावलेलं असायचं, त्यातच ते होतं. आमच्या मेसच्या डाळीत डाळ शोधावी लागायची, ही गोष्ट वेगळी. तिसऱ्या सेमला माझा एम-थ्री उडाला. त्याला नमुन्यात जागाच नव्हती. मी लिहिलं, 'निकाल समाधानकारक आहे.'

हे सगळं आठवलं ते एका दोनशे वर्षं जुन्या पुस्तकामुळे. मी नगरचा. अमेरिकन मिशनच्या जुन्या इमारती, 'स्मृतिचित्रे'मधून ओळखीचे झालेले रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई, हे आमच्याकडे शाळेपासून कानावर असतं. या मिशनमागची अमेरिकन बोर्ड ही संस्था नेमकी होती कोण, हे शोधताना मी जॉन डेमॉस या इतिहासकाराच्या 'द हीदन स्कूल' (२०१४) या पुस्तकापाशी पोचलो. या बोर्डाचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले, १८३१ मध्ये नगरला आले. आणि मधल्या काळात, १८१७ मध्ये, त्याच बोर्डाने अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात कॉर्नवॉल नावाच्या लहानशा गावात एक शाळा काढली. कल्पना अशी, की मिशनरी परदेशी पाठवण्यापेक्षा तिकडची मुलं इकडे आणायची, शिकवायची, ख्रिस्ती करायची आणि मिशनरी म्हणून परत पाठवायची. हवाई बेटांवरची, चेरोकी आणि चोक्टॉ या आदिवासी समाजांतली, चीनमधली मुलं तिथे होती. नऊ वर्षांत सुमारे शंभर. लोक तिला 'हीदन स्कूल' म्हणायचे. हीदन म्हणजे अजून आपल्यात न आलेले.

डेमॉस यांचं पुस्तक वाचायला घेतलं की सुटत नाही. पण त्यांचं मन शोकांतिकेत आहे. जॉन रिज आणि एलायस बूडिनॉट या दोन चेरोकी विद्यार्थ्यांनी गावातल्या गोऱ्या मुलींशी लग्नं केली. दुसरं लग्न ठरल्याचं कळल्यावर, १८२५ मध्ये, गावात पुतळे जाळले गेले, आणि त्यात मुलीचा सख्खा भाऊ पुढे होता. १८२६ मध्ये शाळा बंद पडली. पुढे या दोघांनी चेरोकींची जमीन सोडून देण्याच्या १८३५ च्या करारावर सह्या केल्या आणि १८३९ मध्ये एकाच दिवशी दोघांचेही त्यांच्याच लोकांकडून खून झाले. कुठल्याही लेखकाचं लक्ष इकडेच जाणार. माझं मात्र मधल्या साध्या दिवसांत अडकलं. पहाटेची प्रार्थना, दिवसभर वर्ग, पाळीपाळीने शेतातलं काम, संध्याकाळी पुन्हा अभ्यास. परवानगीशिवाय ठरलेल्या हद्दीबाहेर जायचं नाही, म्हणजे आमच्या हॉस्टेलचा आउटपासच. भूगोल, गणित, व्याकरण, बायबल. आणि पत्रं लिहिणं.

ही पत्रं शाळेच्या कारभाराचाच भाग होती. शाळा देणग्यांवर चालायची. विद्यार्थ्यांची पत्रं धार्मिक नियतकालिकांत छापून यायची आणि ती वाचून लोक पैसे पाठवायचे. स्वित्झर्लंडमधल्या एका बॅरनने पैसे पाठवले, तर त्याला आभाराचं पत्र बूडिनॉटने लिहिलं. 'बूडिनॉट' हे नावही देणगीदाराचंच. मुलाचं खरं नाव गॅलेगिना, म्हणजे हरणातला नर. शाळेकडे येताना वाटेत तो अमेरिकन बायबल सोसायटीच्या वृद्ध अध्यक्षांना भेटला आणि त्यांचं नाव घेऊन पुढे आला. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर गावच्या चर्चमध्ये एक जाहीर कार्यक्रम व्हायचा. त्यात मुलं आपापल्या भाषेत भाषणं करायची, गायची. एरवी शिक्षण इंग्रजीतून, पण पाहुणे आले की मातृभाषा स्टेजवर. आमच्या ट्रस्टच्या वार्षिक मेळाव्यात मला 'गावाकडच्या भाषेत दोन शब्द' बोलायला सांगितलं होतं. मी बोललो. टाळ्या चांगल्या पडल्या.

आता मुख्य पुस्तक. 'मेमॉयर्स ऑफ हेन्री ओबुकाया', प्रसिद्धी १८१८. ज्याच्यामुळे ही शाळा निघाली त्या हवाईयन मुलाचं हे चरित्र. ओपुकाहाइआ हे त्याचं मूळ नाव, अमेरिकन जिभांनी त्याचं ओबुकाया केलं. लहानपणी बेटावरच्या लढाईत आईवडील डोळ्यांदेखत मारले गेले. तान्ह्या भावाला पाठीवर घेऊन तो पळाला, तर भाला त्या भावाला लागला. पुढे पुजारी असलेल्या काकाने त्याला आपल्या देवळात पुजारीपण शिकवायला घेतलं. मग एक दिवस तो अमेरिकन जहाजावर चढला आणि १८०९ मध्ये न्यूयॉर्कला, तिथून न्यू हेवनला पोचला. येल कॉलेजच्या पायऱ्यांवर रडत बसलेला हा मुलगा एडविन ड्वाइट या विद्यार्थ्याला दिसला आणि ड्वाइटने त्याला शिकवायला सुरुवात केली. पुढे हाच ड्वाइट शाळेचा पहिला मुख्याध्यापक झाला. ओबुकाया १७ फेब्रुवारी १८१८ ला टायफसने वारला, वय साधारण सव्वीस. त्याची आत्मकथा, पत्रं आणि डायरी जोडून हे पुस्तक तयार केलं तेही ड्वाइटने.

म्हणजे हे पुस्तक वाचताना दोन हात दिसतात. ओबुकायाने स्वतः लिहिलेला बालपणाचा भाग थरकाप उडवतो, कारण त्यात कुणाला काही पटवून द्यायचं नाही. मग पत्रं सुरू होतात आणि सूर बदलतो. पाप, कृपा, माझ्या अंधारातल्या देशबांधवांसाठी प्रार्थना करा. पत्रामागून पत्र हेच. माझ्या एका मित्राने यातली चार पानं वाचली आणि म्हणाला, "अरे, ब्रेनवॉश आहे हे शुद्ध." मला त्याचा राग आला. इतका राग का आला, ते मलाच नंतर कळलं. उद्या कुणी माझी आठ पत्रं काढून म्हणालं, की हा मुलगा खोटा होता किंवा लाचार होता, तर? 'आपल्या मदतीमुळेच' हे वाक्य नमुन्यातलं होतं आणि शंभर टक्के खरंही होतं. ते पैसे नसते तर मी आज नगरमध्येच कुठेतरी मोबाईल रिपेअर करत असतो. साचा दुसऱ्याचा असला, तरी त्यात ओतलेलं आपलं असू शकतं. ओबुकायाची श्रद्धा मला खरी वाटते. हवाईयन भाषेचं व्याकरण आणि स्पेलिंगचं पुस्तक तो करत होता, उत्पत्तीचं पुस्तक त्या भाषेत आणत होता. ही मेहनत नुसत्या देणगीदारांना खूश करायला कुणी करत नाही.

पण साच्यात काय बसत नाही, ते बघायलाच हवं. आणि इथे ड्वाइटचं मला कौतुक वाटतं, कारण त्याने न बसणाऱ्या दोन गोष्टी राहू दिल्या. दोन्ही बहुधा गंमत म्हणून. पहिली अशी. सुरुवातीला ओबुकायाला 'र' म्हणता यायचा नाही, 'ल' यायचा. ड्वाइट त्याला सारखा सांगायचा, प्रयत्न कर, सोपं आहे. काही दिवसांनी ओबुकाया त्याला आपल्याकडे हाताची ओंजळ कशी करून पाणी पितात ते दाखवत होता. ड्वाइटला काही केल्या तशी ओंजळ जमेना. तेव्हा ओबुकायाने त्याचंच वाक्य, त्याच्याच सुरात, त्याला परत केलं.

दुसरी गोष्ट नकलांची. ओबुकाया लोकांच्या चालण्याच्या नकला करायचा आणि विचारायचा, हा कोण सांगा. एकदा त्याच्याच बेंगरूळ चालीची नक्कल कुणीतरी करून दाखवली. मी असा चालतो? असं विचारून तो हसत हसत जमिनीवर पडला.

सगळ्या पुस्तकात माझ्यासाठी हा मुलगा जिवंत होतो तो या दोन जागी. हॉस्टेलमध्ये सरांची नक्कल करणारा एक जण असतोच. दुसऱ्यांच्या देशात, दुसऱ्यांच्या कपड्यांत, दुसऱ्यांच्या पैशांवर राहताना माणूस समोरच्याला किती बारकाईने न्याहाळत असतो, ते त्या नकलांत दिसतं. ड्वाइटला वाटलं आपण विद्यार्थ्याची हुशारी सांगतोय. ओंजळीच्या प्रसंगात विद्यार्थी झाला होता तो स्वतः. दुर्दैव असं, की शाळेतल्या महिन्यांबद्दल पुस्तकात असलं काही नाही. हे दोन्ही प्रसंग शाळा निघण्याच्या आधीचे. शाळा सुरू झाल्यावर नकला थांबल्या, की त्या लिहिण्याजोग्या राहिल्या नाहीत?

त्याऐवजी मृत्यूची पानं येतात, भरपूर आणि सविस्तर. खाटेभोवती जमलेले मित्र, प्रत्येकाला उपदेश, शांत चेहरा. तेव्हाच्या धार्मिक वाचकांना आदर्श मरण हवं होतं आणि ड्वाइटने ते दिलं. पुस्तक तुफान खपलं. ते वाचून भारावलेली मिशनऱ्यांची पहिली तुकडी १८१९ च्या ऑक्टोबरमध्ये बोस्टनहून हवाईला निघाली. पण त्या घोटलेल्या पानांतही एक जागा निसटली आहे. हवाई पुन्हा बघायचं फार मनात होतं, आता जमेलसं दिसत नाही, असं तो बोलून जातो. आणि मित्रांना अखेरचा निरोप देताना त्याच्या तोंडून हवाईयन शब्द येतात. हे ऐकायला कार्यक्रमातले पाहुणे नव्हते. १९९३ मध्ये त्याच्या अस्थी कॉर्नवॉलहून हवाईला नेल्या. पावणेदोनशे वर्षांनी घरी.

डेमॉस वाचाच, पण आधी हे चरित्र वाचा. इंटरनेटवर त्याचे फुकट स्कॅन मिळतात. इंग्रजी जुनं आहे, प्रार्थनेची पानं कंटाळा आणतात, ती भरभर उलटा. सुरुवातीला चित्र आहे, उंच कॉलर, गळ्याला कापड, केस नीट. चेहरा कसलाच पत्ता लागू देत नाही. माझा ट्रस्टच्या अहवालातला फोटो असाच आहे, फक्त शर्ट मित्राचा.

त्या मुलाच्या पत्राला मी पहिल्यांदाच उत्तर पाठवलं. आधी अभ्यास, करिअर वगैरे तीन ओळी लिहिल्या आणि खोडल्या. मग माझा एम-थ्री दोनदा उडाल्याचं लिहिलं, आणि विचारलं, मेसला डाळ कशी असते रे? उत्तर ट्रस्टच्या ऑफिसमार्फतच येईल. म्हणजे त्याआधी ते कुणीतरी वाचणार.