राजाश्रय, नोकरी आणि रानातला छायाचित्रकार

कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा फडके-खांडेकरांच्या पिढीने गाजविलेला वाद आता ग्रंथालयांच्या कपाटांत विसावला आहे. त्या वादाच्या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र मागे राहिला. उपजीविकेसाठी जी कला केली जाते, तिचे काय?

बंगळूरच्या चर्च स्ट्रीटवरील जुन्या पुस्तकांच्या दुकानात एम. वाय. घोरपडे यांचे 'सनलाइट अँड शॅडोज' हे १९८३ सालचे इंग्रजी पुस्तक हाती आले आणि हा प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला. एका भारतीय वन्यजीव छायाचित्रकाराची रोजनिशी, असे या पुस्तकाचे उपशीर्षक आहे. योगायोग असा की, त्याच आठवड्यात कचेरीतील एक तरुण मराठी सहकारी राजीनाम्याचा मसुदा घेऊन माझ्याकडे आला. नोकरी सोडून वन्यप्राण्यांच्या छायाचित्रणावर चरितार्थ चालवावा, असे त्याच्या मनाने घेतले होते. मी मासिकांतून लिहितो, तेव्हा मसुद्याची भाषा तेवढी तपासून द्यावी, इतकीच त्याची विनंती होती. पुस्तक वाचताना तो कागद माझ्या टेबलावर होता, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

घोरपडे (१९३१-२०११) हे बल्लारी भागातील संडूरच्या मराठा राजघराण्यातले. ते चिमुकले संस्थान १९४९ साली मद्रास प्रांतात विलीन झाले. घोरपडे केंब्रिजला अर्थशास्त्र शिकले आणि १९७२ ते १९७७ या काळात राज्याचे अर्थमंत्री होते. घराण्याने मँगनीज व लोहखनिजाची कंपनी १९५४ मध्येच काढलेली होती. म्हणजे हा छायाचित्रकार छायाचित्रांवर जगला नाही. पूर्वी कलावंताला राजाश्रय शोधावा लागे. येथे राजा स्वतःच कलावंत आणि स्वतःच आपला आश्रयदाता.

याचा परिणाम चित्रांवर झाला आहे काय? माझ्या मते झाला आहे, आणि तो चांगला झाला आहे. घोरपड्यांचा लौकिक कृष्णधवल चित्रांचा. त्यांत हत्ती हा केवळ हत्ती म्हणून येत नाही. त्याच्या भोवतीचे रान, धूळ आणि उतरते ऊन यांच्यासकट तो येतो. पुस्तकाच्या नावातील ऊनसावली ही शोभेची नव्हे. तोच या चित्रांचा खरा विषय आहे. असा प्रकाश मागून मिळत नाही. त्याच वाटेने पुनःपुन्हा जावे लागते आणि बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परतावे लागते. रिकाम्या हाताने परतण्याची ही ऐपत घोरपड्यांपाशी होती. चित्रांतील शांतता त्यांच्या दृष्टीची आहे हे खरे. पण तिचा खर्च संडूरच्या खनिजाने सोसला आहे, हेही तितकेच खरे. चौकटीत हा हिशेब दिसत नाही. टीकाकाराने तो मांडला पाहिजे.

खनिजाच्या खाणी ज्यांच्यापाशी नाहीत, त्यांनी काय करावे? बंगळूरनेच याची दुसरी उत्तरे दिली आहेत. ई. हनुमंत राव (१९३०-२०००) हे वन्यजीव छायाचित्रण हाच पूर्णवेळ व्यवसाय म्हणून पत्करणाऱ्या आपल्याकडील आरंभीच्या मोजक्या लोकांपैकी. टी. एन. ए. पेरुमाळ (१९३२-२०१७) यांना ओ. सी. एडवर्ड्स यांच्यासारखा गुरू लाभला आणि पुढे त्यांनी स्वतः शिष्यांची पिढी घडविली. मराठी मनाला जवळचे उत्तर मात्र तिसरेच आहे. व्यंकटेश माडगूळकर पुणे आकाशवाणीच्या नोकरीत राहिले आणि तरीही 'नागझिरा' लिहून गेले. मारुती चितमपल्ली तर वनखात्याचेच अधिकारी. दोघांचेही माध्यम शब्द, कॅमेरा नव्हे. पण रानात थांबण्याची किंमत दोघांनाही चुकवावी लागली, आणि ती त्यांच्या पगाराने चुकविली.

आजचे चित्र निराळे आहे. संगणक कंपनीतील नोकरी सोडून रानाकडे वळलेले कल्याण वर्मा यांनी अमोघवर्ष यांच्यासह दिग्दर्शित केलेला 'वाइल्ड कर्नाटक' हा चित्रपट जानेवारी २०२० मध्ये चित्रगृहांत आला. निवेदन डेव्हिड अ‍ॅटनबरो यांचे. सुमारे चार वर्षांच्या चित्रणातून जेमतेम तासाभराचा ऐवज निवडलेला. तो पाहताना डोळे दिपतात. तथापि प्रत्येक क्षण कळसाचाच असल्यामुळे रानातील रिकामा वेळ प्रेक्षकाच्या वाट्याला येत नाही. घोरपड्यांच्या चित्रांत जी प्रतीक्षा जाणवते, ती येथे संकलकाच्या कात्रीखाली गेली आहे. तो दिग्दर्शकांचा दोष म्हणण्यापेक्षा लोकाश्रयाची अट म्हणावी. तिकीट काढून आलेला प्रेक्षक थांबावयास तयार नसतो.

नेमके हेच मी सहकाऱ्याला सांगितले. कॅमेरे घरोघरी झाल्यापासून नुसत्या छायाचित्राला फारसे मोल उरलेले नाही. या व्यवसायात जे टिकले, त्यांतील बहुतेकांची मिळकत हौशी लोकांना रानात नेणे, शिकविणे, निवासांची कामे आणि चित्रपट यांतून येते. त्यात कमीपणा काहीच नाही. धोका आहे तो घाईचा. पैसे भरून आलेल्या मंडळींना घुबड दिसलेच पाहिजे, असे झाले की कुणीतरी आमिष ठेवतो. घुबड झेपावते, चित्र उत्तम येते. आणि ते खोटे असते. जगण्यासाठी कला करण्यात पाप नाही. आपल्या पोशिंद्याकडून थांबण्याची मुभा मिळते की नाही, एवढेच पाहावयाचे. राजा असो, सरकार असो वा गिऱ्हाईक, कसोटी हीच.

आपणा सरकारी नोकरांना ही मुभा काही अंशी नियमानेच दिली आहे. १९६४ च्या वर्तणूक नियमांतील पंधराव्या नियमान्वये, कर्तव्यास बाध न येता, प्रासंगिक स्वरूपाचे साहित्यिक वा कलात्मक काम पूर्वपरवानगीशिवाय करता येते. हा लेखही त्याच नियमाच्या छायेत लिहिला आहे. मी तो नियम सहकाऱ्यासमोर ठेवला. त्याने शांतपणे विचारले, "प्रासंगिक म्हणजे वर्षातून किती पहाटा?"

मला उत्तर देता आले नाही. माडगूळकर-चितमपल्लींची नावे घेणे सोपे होते. परंतु त्यांच्या नोकऱ्या आणि कोरमंगलाच्या केंद्रीय सदनातील आमची टेबले यांत अंतर आहे. त्यांचे काम त्यांना शब्दांकडे वा रानाकडे नेत होते. आमचे आम्हांला फाइलीकडे नेते. मसुद्यातील दोन अशुद्धे मी दुरुस्त केली आणि कागदाबरोबर घोरपड्यांचे पुस्तकही त्याला वाचावयास दिले. दोन्ही अजून त्याच्यापाशीच आहेत.