श्रद्धेचा पुरावा : जोनाथन रायली-स्मिथ यांचे क्रुसेडविषयक इतिहासलेखन

युद्धाचा इतिहास आणि धर्माचा इतिहास या दोन अभ्यासशाखा विद्यापीठीय व्यवस्थेत प्रायः वेगवेगळ्या दालनांत नांदत आल्या आहेत. युद्धेतिहासकार सैन्यसंख्या, रसद, दुर्ग आणि व्यूहरचना यांचा विचार करतो. धर्मेतिहासकार मठ, सिद्धान्त आणि उपासनापद्धती यांचा. प्रार्थना करणारा माणूस शस्त्र का उचलतो, हा प्रश्न दोघांच्याही कक्षेच्या काठावर राहतो. ब्रिटिश इतिहासकार जोनाथन रायली-स्मिथ (१९३८–२०१६) यांनी सुमारे पन्नास वर्षे याच काठावर काम केले. केंब्रिजमध्ये शिक्षण घेऊन १९६४ मध्ये ते सेंट अँड्र्यूज विद्यापीठात रुजू झाले. पुढे केंब्रिज, १९७८ पासून लंडन विद्यापीठाचे रॉयल हॉलोवे कॉलेज आणि १९९४ ते २००५ या काळात पुन्हा केंब्रिज, असा त्यांचा अध्यापनप्रवास झाला. त्यांनी अखेरीस भूषविलेले डिक्सी अध्यासन चर्चच्या इतिहासाचे होते, ही बाब लक्षणीय आहे. ज्यांच्या लेखनाचा मुख्य विषय युद्ध होता, त्यांना धर्मेतिहासाच्या अध्यासनावर बसविण्यात आले आणि त्यात कोणाला काही विसंगत वाटले नाही, हेच त्यांच्या कार्याचे एक फलित म्हणावे लागेल.

येथे एका शब्दाचा खुलासा आवश्यक आहे. मराठी पाठ्यपुस्तकांतून 'क्रुसेड'साठी 'धर्मयुद्ध' हा प्रतिशब्द रूढ झाला आहे. परंतु महाभारताच्या परंपरेत धर्मयुद्ध म्हणजे नियमांनी बांधलेले, न्याय्य रीतीने लढले जाणारे युद्ध. निःशस्त्रावर वार न करणे ही त्याची खूण. क्रुसेडचे स्वरूप याहून वेगळे होते. पोपने अधिकृत केलेली, प्रतिज्ञापूर्वक स्वीकारलेली आणि प्रायश्चित्त म्हणून केलेली ती सशस्त्र यात्रा होती. लढणे हेच प्रायश्चित्त, ही कल्पना अकराव्या शतकातील ख्रिस्ती जगालाही नवी होती. म्हणून प्रस्तुत लेखात 'क्रुसेड' हाच शब्द वापरला आहे.

रायली-स्मिथ लिहू लागले तेव्हा इंग्रजी वाचकांच्या मनावर स्टीव्हन रन्सिमन यांच्या १९५१ ते १९५४ या काळात प्रसिद्ध झालेल्या त्रिखंडात्मक इतिहासाचे अधिराज्य होते. रन्सिमन यांची सहानुभूती बायझंटाइन संस्कृतीकडे होती. पश्चिमेकडून आलेले योद्धे त्यांना त्या संस्कृतीचा विध्वंस करणारे असंस्कृत आक्रमक वाटत. दुसरीकडे सामाजिक-आर्थिक इतिहासाच्या प्रभावाखाली आणखी एक स्पष्टीकरण स्थिरावले होते : युरोपात लोकसंख्या वाढली, जमीन अपुरी पडली, वारसाहक्कापासून वंचित राहिलेले सरदार घराण्यांतील धाकटे मुलगे पूर्वेकडे नशीब काढावयास निघाले आणि धर्म हे केवळ निमित्त होते. पहिल्या मतात योद्धे रानटी ठरतात, दुसऱ्यात लोभी. त्यांच्या तोंडची धर्माची भाषा गांभीर्याने घेण्याची गरज दोन्ही मतांना भासत नाही.

रायली-स्मिथ यांनी या समजुतीवर घाव घातला तो दप्तरांच्या आधारे. मोहिमेवर निघण्यापूर्वी अनेक सरदारांनी आपल्या जमिनी मठांना विकल्या वा गहाण टाकल्या, जुने तंटे मिटविले, दाने दिली. या व्यवहारांचे लेख मठांच्या दप्तरांत राहिले. 'द फर्स्ट क्रुसेड अँड द आयडिया ऑफ क्रुसेडिंग' (१९८६) आणि विशेषतः 'द फर्स्ट क्रुसेडर्स' (१९९७) या ग्रंथांत त्यांनी असे लेख मोठ्या प्रमाणावर अभ्यासून कोण गेले, कोणत्या घराण्यातून गेले आणि कशाच्या बळावर गेले यांचा छडा लावला. बखरींच्या जोडीला, आणि प्रसंगी बखरींच्या विरोधात, अस्सल कागद उभा करण्याची ही रीत राजवाड्यांच्या वाचकाला अपरिचित वाटणार नाही.

या कागदांतून जे बाहेर आले ते लोभाच्या सिद्धान्ताला अडचणीचे होते. एका सरदाराला या मोहिमेसाठी आपल्या वार्षिक उत्पन्नाच्या चार ते पाच पट खर्च येत असावा, असा त्यांचा अंदाज आहे. नॉर्मंडीचा ड्यूक रॉबर्ट याने १०९६ मध्ये दहा हजार मार्क चांदीसाठी आपला संपूर्ण प्रांत इंग्लंडचा राजा असलेल्या आपल्याच भावाकडे गहाण ठेवला. अनेक घराण्यांतून धाकटे मुलगेच नव्हे, तर कर्ते पुरुष गेले. उर्वरित कुटुंबाने त्यांच्यासाठी जमीन विकून झळ सोसली. शिवाय १०९९ च्या जुलैमध्ये जेरुसलेम जिंकल्यावर बहुसंख्य योद्धे तेथे स्थायिक न होता मायदेशी परतले. वर्षभराने तेथील राज्याच्या रक्षणासाठी जेमतेम तीनशे सरदार उरले होते, असे तत्कालीन इतिवृत्तकार फुल्शर सांगतो. जमीन मिळविण्यासाठी निघालेली माणसे जमीन मिळताच घरी परततात, हे कोडे जुन्या मताला सुटत नाही. ठराविक घराण्यांतूनच योद्धे पुनःपुन्हा का निघाले, याचाही उलगडा रायली-स्मिथ करतात. पॅरिसजवळच्या माँलेरी घराण्याच्या नात्यागोत्याचे त्यांनी केलेले विवेचन या दृष्टीने मुळातून वाचण्यासारखे आहे. लेकीसुनांच्या माध्यमातून ही ओढ एका घरातून दुसऱ्या घरात कशी जाते, हे तेथे दिसते.

तथापि, याच ठिकाणी त्यांच्या पद्धतीची मर्यादाही उघड होते. हे लेख सरदारांनी लिहिलेले नाहीत; बहुतांश सरदार निरक्षर होते. लेख लिहिले मठातील भिक्षूंनी, लॅटिनमध्ये, मठाच्या सोयीसाठी. त्यांत आढळणारी पापभीरुतेची भाषा दात्याची किती आणि लेखनिकाची किती, हे ठरविणे कठीण आहे. रायली-स्मिथ यांना या आक्षेपाची जाणीव होती. त्यांचे उत्तर असे की सरदार व भिक्षू एकाच समाजातले, बहुधा एकाच कुळातले होते, आणि सरदाराच्या धर्मकल्पना मठाच्या सहवासातच घडल्या होत्या. हे उत्तर बऱ्याच अंशी मान्य होण्यासारखे असले तरी पुरेसे नाही. खर्च मोठा होता याचा अर्थ लाभाची आशा नव्हती, असा होत नाही. कर्ज काढून व्यापाराला निघणाराही नफ्याचीच आशा धरतो. १०९५ च्या क्लेरमाँ परिषदेने, धन वा मान यांसाठी नव्हे तर केवळ भक्तीने जो जाईल त्यालाच या यात्रेचे प्रायश्चित्तफल मिळेल, असा निर्णय दिला होता. ज्या अर्थी ही अट घालावी लागली, त्या अर्थी धन आणि मान यांच्या आशेने निघणारेही परिषदेच्या डोळ्यांसमोर असले पाहिजेत. दुसरे असे की ज्याच्यापाशी विकण्यासारखे काहीच नव्हते, त्याचा कागद झाला नाही. पीटर द हर्मिटच्या मागे चालत निघालेला हजारोंचा जमाव या दप्तरांत जवळपास मुका आहे. कॉनर कॉस्टिक यांनी २००८ मध्ये पहिल्या क्रुसेडच्या सामाजिक रचनेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तेव्हा ही उणीव काही प्रमाणात भरून निघाली.

श्रद्धा खरी होती असे म्हणणे म्हणजे कृत्याला निर्दोष ठरविणे नव्हे काय? रायली-स्मिथ यांच्यावरील टीकेचा खरा रोख येथे आहे. ते स्वतः श्रद्धावान रोमन कॅथलिक होते. त्यांचा पहिला ग्रंथ (१९६७) ज्या हॉस्पिटलर संघावर आहे, त्याचाच वारसा सांगणाऱ्या माल्टाच्या संघाचे ते सदस्यही होते. 'क्रुसेडिंग ॲज ॲन ॲक्ट ऑफ लव्ह' या त्यांच्या १९८० च्या निबंधाचे शीर्षक पाहून अनेकांनी त्यात समर्थन वाचले. निबंधाचा आशय मात्र समर्थनाचा नाही. पूर्वेकडील ख्रिस्ती बांधवांवरील प्रेम म्हणून प्रचारकांनी या युद्धाची हाक दिली, आणि शत्रूवर प्रेम करण्याची ख्रिस्ताची आज्ञा मात्र सोयीस्करपणे बाजूला ठेवली, हे तो निबंध दाखवितो. येथे हिंसा प्रेमाच्या अभावातून निघत नाही. आपल्या माणसांपुरत्या आखून घेतलेल्या प्रेमातून ती निघते, आणि हे निदान रन्सिमन यांच्या निषेधापेक्षा अधिक अस्वस्थ करणारे आहे.

या विचाराची कसोटी लागली ती १९८४ च्या एका निबंधात. १०९६ च्या मे महिन्यात ऱ्हाइन नदीकाठच्या श्पायर, वर्म्स आणि माइन्झ या नगरांत क्रुसेडसाठी निघालेल्या तुकड्यांनी ज्यूंवर हल्ले केले. वर्म्स व माइन्झ येथे भीषण कत्तली झाल्या. हे कृत्य शिस्तहीन, कंगाल टोळ्यांचे होते, असे म्हणून मुख्य सैन्याला त्यापासून वेगळे काढण्याचा प्रघात होता. रायली-स्मिथ यांनी तो मानला नाही. एमिखोच्या सैन्यात प्रतिष्ठित सरदार होते, हे त्यांनी दाखविले. सूडाची भाषा दोन्हीकडे एकच होती, असेही प्रतिपादन केले. ख्रिस्ताच्या अपमानाचा सूड घ्यावयाचा तर दूरच्या मुसलमानाआधी जवळचा ज्यू का नको, असा विचार त्या काळच्या सरदाराला स्वाभाविक वाटला. चर्चने या हल्ल्यांना मान्यता दिली नव्हती. तरीही चर्चनेच चेतविलेली भावना तिला हव्या त्या मर्यादेत राहिली नाही. केवळ समर्थनाच्या हेतूने लिहिणारा कॅथलिक इतिहासकार हे लिहिता ना. त्यांच्या एकूण लेखनात हा छोटा निबंध सर्वांत निर्भय आहे.

त्यांच्या 'व्हॉट वेअर द क्रुसेड्स?' (१९७७) या पुस्तिकेने उभा केलेला व्याख्येचा वाद अभ्यासकांत अधिक गाजला. जेरुसलेमकडे जाणारी तीच क्रुसेड, असे हान्स एबरहार्ड मायर यांच्यासारखे अभ्यासक मानत. पोपची मान्यता, प्रतिज्ञा आणि पापदंडाची माफी असेल तर स्पेन, बाल्टिक प्रदेश किंवा दक्षिण फ्रान्समधील मोहिमाही क्रुसेडच, असा रायली-स्मिथ यांचा पक्ष. आज तो पक्ष बव्हंशी प्रस्थापित झाला आहे. त्याचे श्रेय नॉर्मन हाउस्ली, मार्कस बुल यांच्यासारख्या त्यांच्या शिष्यांच्या पिढीलाही द्यावे लागते.

उत्तरकाळातील लेखनाबद्दल मात्र तितकेच समाधान व्यक्त करता येत नाही. ११ सप्टेंबर २००१ नंतर 'क्रुसेड' हा शब्द राजकारणात शिरला आणि रायली-स्मिथ जाहीर वादांत ओढले गेले. 'द क्रुसेड्स, ख्रिश्चॅनिटी अँड इस्लाम' (२००८) मध्ये त्यांनी असे मांडले की मुस्लिम जगातील क्रुसेडची आजची स्मृती अखंड चालत आलेली नाही. वॉल्टर स्कॉटच्या कादंबरीपासून १८९८ मध्ये दमास्कसला सलाहुद्दीनच्या कबरीस भेट देणाऱ्या कैसर विल्हेल्मपर्यंत अनेक युरोपीयांनी ती एकोणिसाव्या शतकात तेथे नेऊन रुजविली, असे ते म्हणतात. मांडणी आकर्षक आहे. परंतु त्यामागे लॅटिन मठांच्या दप्तरांइतके कष्ट अरबी साधनांवर घेतलेले दिसत नाहीत. डायना अबूअली यांनी २०११ मध्ये दाखवून दिले की एकोणिसाव्या शतकापूर्वीही सलाहुद्दीनची आठवण त्या प्रदेशात पुसली गेली नव्हती. जेरुसलेमच्या रहिवाशांना आपल्या हक्कांसाठी तिचा आधार घेता येत होता. ज्या अभ्यासकाने एका समाजाच्या श्रद्धेला त्या समाजाच्याच कागदांतून बोलते केले, त्याने दुसऱ्या समाजाच्या स्मृतीला उसनी ठरविताना तीच कसोटी लावली नाही.

'द फर्स्ट क्रुसेडर्स'च्या शेवटी योद्ध्यांच्या नावांची एक यादी आहे. रायली-स्मिथ यांनी तिला 'प्राथमिक' म्हटले आहे. पहिल्या मोहिमेत कोण गेले हे शोधू पाहणाऱ्याला आजही ती यादी उघडावीच लागते, मग ते का गेले याविषयी त्याचे मत रायली-स्मिथ यांच्याहून वेगळे का असेना.