पन्नास मिलिसेकंद कुणी मोजले?

अंबरनाथच्या एमआयडीसीत एखाद्या यंत्राचं बटण एकदा दाबलं आणि काउंटर तीनने पुढे गेला, तर त्यात भुताटकी नाही. धातूचे संपर्क मिटताना क्षणभर उडतात आणि मायक्रोकंट्रोलर प्रत्येक उडी मोजतो. उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंतची आपली मुलं यावर उपाय म्हणून आर्डुइनोचं 'डीबाउन्स' हे उदाहरण उतरवून घेतात.

त्याचं मोल आम्ही मानतो. ते प्रोग्राम अडवून धरत नाही. सिग्नल ५० मिलिसेकंद स्थिर राहिला, तरच खरा मानतं. आमची तक्रार त्या ५० बद्दल आहे. आउटपुट लुकलुकलं तर आकडा वाढवा, एवढंच तिथे सांगितलंय. मोजा, असं कुठेच नाही.

जॅक गॅन्सल यांनी मोजलं. १८ स्विच, प्रत्येक ३०० वेळा दाबून. बहुतेक ६.२ मिलिसेकंदांच्या आत शांत झाले. एक मात्र १५७ पर्यंत गेला. म्हणजे तेच ५० एकाला फार, दुसऱ्याला अपुरे. त्यात रासायनिक कारखान्यांच्या हवेत संपर्क काळवंडले, तर आज मोजलेलं उद्या टिकेलच असंही नाही.

काउंटर चुकला तर हिशेब चुकतो. पण प्रेसखाली कामगाराचा हात असतो. तिथलं थांबवण्याचं बटण एकट्या प्रोग्रामच्या भरवशावर नको. त्याने वायरिंगमधूनच थेट वीज तोडली पाहिजे. नवशिक्यांच्या उदाहरणाकडून ही अपेक्षा नाही. शिकवणाऱ्या आपल्याकडून मात्र आहे.