अनिल, बाला आणि तिसरा गडी

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला तुम्ही बसला असाल तर आठवून पाहा. सुरुवात मागणीच्या नियमाने झाली असेल. विषमता, बेकारी यांची पाळी यायच्या आत निम्मा वर्ग पेंगायला लागतो. 2008 च्या आर्थिक संकटानंतर अनेक देशांतल्या विद्यार्थ्यांची तक्रार अशीच होती. त्या पार्श्वभूमीवर 2013 मध्ये ‘कोअर’ हा प्रकल्प सुरू झाला. वेंडी कार्लिन, सॅम्युअल बोल्स आणि इतरांनी लिहिलेलं त्याचं ‘द इकॉनॉमी’ हे पुस्तक इंटरनेटवर फुकट वाचता येतं आणि ते विषमतेसारख्या खऱ्या प्रश्नांपासून सुरू होतं. चांगलं पुस्तक आहे. तरी माझी एक तक्रार आहे.

त्यात अनिल आणि बाला हे दोन शेतकरी आहेत. किडीवर उपाय दोन: ‘टर्मिनेटर’ नावाचं स्वस्त, जहाल रसायन किंवा मित्रकीटक. दोघांनी मित्रकीटक सोडले तर प्रत्येकाला 3 गुण. दोघांनी रसायन फवारलं तर दोघांचंही पाणी नासतं, म्हणून 2-2. एकानेच फवारलं तर त्याला 4 आणि दुसऱ्याला 1. समोरचा काहीही करो, फवारणंच फायद्याचं ठरतं. म्हणून दोघंही फवारतात आणि दोघंही तोट्यात जातात. कैद्यांचा पेच म्हणतात तो हाच.

हे मी वर्गात शिकवलं. घरी कापूस असलेला एक मुलगा म्हणाला, “मॅडम, कोणतं औषध मारायचं ते आमच्याकडे दुकानदार ठरवतो. उधारी त्याचीच असते ना.”

फळ्यावर दोन ओळी आणि दोन रकाने होते. दुकानदाराला त्यात जागाच नव्हती.

आता त्याला आत घ्या. समजा, रसायन उधारीवर मिळतं आणि मित्रकीटकांना रोख पैसे लागतात. हंगामाच्या तोंडावर हातात रोख नसेल, तर दुसरा पर्याय नुसता कागदावर उरतो. मग अनिल-बालाने आपसात करार केला, एकमेकांवर विश्वास ठेवला, तरी काय उपयोग? त्यांना आधी वेळेवर पीककर्ज हवं. म्हणजे तक्ता बदलला की रोगाचं निदान बदलतं, आणि औषधही.

पुस्तक भाबडं नाही. पुढच्याच प्रकरणात जमीनमालकाची सत्ता येते, बंगालमधलं ‘ऑपरेशन बर्गा’ही येतं. पण पेच शिकताना तक्ता आयता भरून मिळतो आणि विद्यार्थ्याने तो फक्त सोडवायचा असतो. उदाहरणं नवी आली, विद्यार्थ्याचं काम मात्र जुनंच राहिलं. नव्या पिढीसाठी शिकवणं बदलायचं तर गडी कोण, पर्याय कोणते आणि ते कुणी ठरवले, हेही त्यांनाच विचारायला हवं.

तुम्ही शिकवत असाल तर एकदा करून पाहा: तक्ता रिकामा काढा, खडू मुलांच्या हातात द्या आणि अर्धा तास गप्प बसा. मीही पुढच्या खेपेला तेच करणार आहे. गप्प बसणंच जरा अवघड जाईल.